तिरपी

मोरेश्वर भोईर बॅटरी घेऊन आला तेव्हा
रबाळ्याच्या गाळ्यात मी कुणाच्या तरी मिक्सरचं आर्मेचर गुंडाळत होते.
त्याने ती टेबलावर ठेवली: पिवळी, जाड, चार मोठ्या सेलांची,
काचेच्या कडेला वाळलेलं मीठ.
"धक्क्याखाली जातो, खांब तपासाला.
ही काजव्यावानी जलते.
हिला जरा तेज कर गो."

उघडली. आत टिचभर बल्ब, जुना,
मागच्या वाटीवर धुराचा डाग.
मी अकरा वर्षं ठाणे-बेलापूर रस्त्यावर
एका कारखान्यात दिव्यांच्या पट्ट्या जोडल्या.
तो बंद पडला तेव्हा सोल्डरगन माझ्याबरोबर घरी आली.
ती माझीच होती, असं मी सांगते.

आधी तांब्याची चकती.
शेजारच्या जयवंत लेथवाल्याशी
अर्ध्या मिलिमीटरवरून भांडून घेतली,
कारण उजेड तापतो
आणि तापाला बाहेर पडायला वाट लागते.
मग पांढरी पेस्ट, विरजणाएवढी.
मग एलईडी, नखाहून लहान, तिच्या दोन तारा,
नवे सेल,
आणि सगळ्यात शेवटी रबराचं वळं.
त्याखाली एक केस अडकला
तरी खाडी आत येते.
डोक्याला फडकं बांधून बसवलं.

रात्री सेल काढले, आत टिश्यू पेपर घातला,
आणि बॅटरी पिंपात बुडवली. वर दगड.
सकाळी कागद कोरडा.
तो हातात धरून मी बराच वेळ उभी होते
जसं काही त्यावर वाचायला होतं.

गाळ्यात पेटवली तर
भिंतीवरची पाल पळाली,
पलीकडून जयवंतने शिवी हासडली.
मोरेश्वर हसला, पैसे मोजले, गेला.

चार दिवसांनी परत. उभाच राहिला.
"पांढरा," म्हणाला. "निस्ता पांढरा.
गालाचा एकेक कण पेटला तोंडासमोर.
माजाच हात मना दिसला नाय.
जुनीमदी निदान कालोख तरी दिसायचा."

आधी राग आला. मग लाज.
खाडी मी फक्त बसच्या खिडकीतून पाहिलेली,
तपकिरी, सपाट, ओहोटीला वास मारणारी.
मी उजेड केला होता
कोरड्या भिंतीसाठी.

रविवारी तो डब्यातून गाळ घेऊन आला.
मूठभर पिंपात टाकला, काठीने ढवळला.
बॅटरी समोरून धरली: धुकं.
अजून जवळ: भिंत.
त्याचा हात अवघडला म्हणून
त्याने ती सहज बाजूला नेली, कोपरभर लांब, तिरपी,

आणि पिंपाच्या निळ्या प्लास्टिकवर
एक चीर उभी राहिली
स्वतःच्या सावलीसकट.
सहा वर्षं मी त्या पिंपातून पाणी काढते.

"थांब," दोघंही म्हणालो.

मग ॲल्युमिनियमची दांडी, हातभर.
तोंडाला पीव्हीसीची नळी, आतून काळी रंगवलेली,
म्हणजे उजेड इकडेतिकडे सांडणार नाही.
आणि खटक्याला तीन पायऱ्या.
त्याच्या कामाची खालची.
इतकी मेहनत करून
शेवटी मी उजेड कमीच केला.

काल तो वळं बदलायला आला
तेव्हा खिशातून घडी घातलेला कागद काढला.
खांब अकरा. ओहोटीच्या रेषेखाली दीड मीटर.
भेग उभी, रुंदी दोन मिलिमीटर.
खाली कुणा इंजिनिअरची सही.
मी पट्टी घेऊन दोन मिलिमीटर पाहिले.
तांदळाची कणी.

"वरची पायरी काढून टाकू का?" मी विचारलं.
"उगाच सेल खाते."

"र्‍हाऊ दे.
कवा पाणी नितल मिलला तर."

"इथे?"

तो ग्रीस लागलेली बोटं
पुसत राहिला.